मॅलेटच्या जागी मॅलोनेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत बारावी आणि नीटच्या परीक्षार्थींसाठी पेशीतल्या चयापचयाचा एक पानभर तक्ता आला आहे. तो कापून भिंतीला चिकटवावा असाच आहे. तसा तो चिकटवला जाणार, म्हणून हे पत्र. क्रेब्ज चक्राच्या (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या क्रियांच्या फेरीच्या) वर्तुळात फ्युमरेटच्या पुढे ‘मॅलोनेट’ छापले आहे. तिथे ‘मॅलेट’ हवे. तळाच्या चौकटीत ‘यकृतात ग्लुकॅगॉनचा साठा असतो’ असे वाक्य आहे. तिथे ‘ग्लायकोजेन’ हवे. ग्लायकोजेन ही ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी, तर ग्लुकॅगॉन हे स्वादुपिंडातून येणारे २९ अमिनो आम्लांचे संप्रेरक. ते यकृताला ‘साठा फोड’ असे सांगते. साठा आणि साठा फोडायचा हुकूम यांची अदलाबदल झाली आहे.

दुसरी चूक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल. पहिली येणार नाही, आणि मुद्राराक्षसाच्या नावावर खपवून सोडून द्यावी अशीही ती नाही. कारण मॅलोनेट हा क्रेब्ज चक्र बंद पाडणारा पदार्थ आहे, आणि तो अडवतो ती पायरी नेमकी सक्सिनेटपासून फ्युमरेट तयार होण्याचीच. सक्सिनेटच्या दोन टोकांना दोन कार्बोक्झिल (COOH) गट असतात आणि मध्ये शेजारी शेजारी दोन कार्बन. सक्सिनेट डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) त्या दोन कार्बनांवरचा एकेक हायड्रोजन काढून मध्ये दुहेरी बंध तयार करते. मॅलोनेटलाही दोन टोकांना दोन कार्बोक्झिल असतात, म्हणून विकर त्याला सक्सिनेट समजून धरते. पण मध्ये कार्बन एकच. दुहेरी बंध जोडायला शेजारी नाही, त्यामुळे क्रिया होत नाही आणि विकराची जागा अडून राहते. सक्सिनेट भरपूर घातले तर ते मॅलोनेटला हुसकावून लावते, म्हणून याला स्पर्धात्मक अवरोध म्हणतात.

मुळात हे चक्र आहे हे कळले तेही मॅलोनेटमुळेच. १९३७ साली शेफील्डमध्ये हान्स क्रेब्ज आणि विल्यम जॉन्सन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूच्या खिम्यात मॅलोनेट घातले, तेव्हा सक्सिनेट साचले. ते अपेक्षितच होते. पण मॅलोनेटच्या जोडीला फ्युमरेट किंवा ऑक्झॅलोॲसिटेट घातले तरी सक्सिनेट साचतच राहिले. सक्सिनेट आणि फ्युमरेट यांच्यामधले दार तर बंद केलेले. मग फ्युमरेटपासून सक्सिनेट येते कुठून? दुसऱ्या बाजूने, सिट्रेटमार्गे वळसा घालून. म्हणजे वाट सरळ नाही, गोल आहे. (हा शोध क्रेब्जने ‘नेचर’ला पत्र म्हणून पाठवला होता. सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रे हातात आहेत, असे सांगून संपादकांनी ते परत केले, आणि शोध ‘एन्झायमोलॉजिया’त छापून आला. तेव्हा हे पत्र लांबले म्हणून आपण कापलेत तरी तक्रार नाही. फक्त पुढचा हिशेबाचा भाग ठेवावा.) जाता जाता, त्यांचे आडनाव ‘क्रेब्ज’ आहे. शेवटचा ‘ज’ नावातलाच आहे, षष्ठीचा प्रत्यय नाही. त्यामुळे अनेक मराठी पुस्तकांतले ‘क्रेब चक्र’ हे रूप चुकीचे आहे.

अशा चुका विद्यार्थ्यांच्या वहीत रोज सापडतात आणि त्याचे खापर पाठांतरावर फुटते. खरे तर ही नावे नुसती पाठ करणे हीच अडचण आहे. नाव पाठ केले की शेजारच्या नावात मिसळायला एक अक्षर पुरते. नावाबरोबर अणूंचा हिशेब ठेवला, तर चुकीचे नाव त्या जागी बसतच नाही.

रेणुवस्तुमाने आम्लाच्या रूपात घेऊन पाहा. सक्सिनिक आम्ल ११८, फ्युमरिक ११६, मॅलिक १३४, ऑक्झॅलोॲसिटिक १३२. पहिल्या पायरीला २ कमी झाले, म्हणजे दोन हायड्रोजन गेले. दुसरीला १८ वाढले, म्हणजे पाण्याचा एक रेणू आत आला. तिसरीला पुन्हा २ कमी. दुहेरी बंध करा, त्याच्यावर पाणी घाला, त्या पाण्यातून आलेल्या हायड्रॉक्सिलचा (OH) कीटोन (C=O) करा: एवढीच ही कथा. आता फ्युमरिकच्या पुढे मॅलोनिक आम्ल ठेवा. त्याचे वस्तुमान १०४. ११६ वरून १०४ म्हणजे नेमका एक कार्बन गायब, सोबत ना हायड्रोजन ना ऑक्सिजन. पेशीतून असा सुटा कार्बन कधी बाहेर पडत नाही. तो जातो कार्बन डायऑक्साइड होऊन, ४४ नेऊन. प्रुफे तपासणाऱ्याने वस्तुमानाचा हा एक स्तंभ शेजारी ठेवला असता, तर जीवरसायनाचा गंध नसतानाही चूक पकडली असती.

पूर्ण वर्तुळ असेच मोजता येते. ऑक्झॅलोॲसिटिक १३२ आणि ॲसिटिक ६० मिळून सिट्रिक १९२. पुढे ॲकोनिटिक १७४ आणि पुन्हा आयसोसिट्रिक १९२: आधी १८ गेले, मग १८ आले. पाणी काढून पुन्हा पाणी घालायचा हा उपद्व्याप कशासाठी? सिट्रेटमधला हायड्रॉक्सिल ज्या कार्बनवर आहे, त्याच्या बाकीच्या तिन्ही बाजूंना कार्बनच आहेत. त्याच्यावर हायड्रोजन नाही, म्हणून त्याचा कीटोन होऊ शकत नाही. हायड्रॉक्सिल शेजारच्या कार्बनवर सरकवला की तिथे हायड्रोजन मिळतो आणि वाट मोकळी होते. मग आयसोसिट्रिक १९२ वरून ऑक्झॅलोसक्सिनिक १९० (२ गेले), आणि त्यावरून अल्फा-कीटोग्लुटारिक १४६ (४४ गेले). ऑक्झॅलोसक्सिनिक बहुतेक तक्त्यांत दाखवत नाहीत, कारण ते विकराला सोडून बाहेर येत नाही. पण ते गाळले की विद्यार्थ्याला १९२ वरून १४६ ही उडी अनाकलनीय वाटते.

अल्फा-कीटोग्लुटारिक १४६ वरून सक्सिनिक ११८ म्हणजे २८ची घट. ही एका दमात कळत नाही. ४४ गेले, २ गेले, आणि मधल्या सक्सिनिल को-एन्झाइम-ए वरून को-एन्झाइम सुटताना जणू १८चे पाणी आले. आता ग्लुकोजच्या विघटनातून चक्राच्या तोंडाशी येणाऱ्या पायरुविक ८८ वरून ॲसिटिक ६० पाहा. पुन्हा २८. आकडा सारखा आहे, कारण क्रिया तीच आहे. पायरुवेट डिहायड्रोजिनेज आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज ही सख्खी भावंडे असून दोघांनाही तेच पाच मदतनीस लागतात: थायामिन पायरोफॉस्फेट (जीवनसत्त्व ब-१ पासून बनणारे), लिपोएट, को-एन्झाइम-ए, आणि हायड्रोजन वाहून नेणारे एफएडी आणि एनएडी. जीवनसत्त्व ब-१ कमी पडले की या दोन्ही पायऱ्या एकदम रखडतात, पायरुवेट आणि लॅक्टेट साचतात, आणि मुख्यतः ग्लुकोजवर चालणाऱ्या मेंदूला त्याचा आधी फटका बसतो. म्हणूनच कुपोषित किंवा दारूच्या आहारी गेलेल्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा निदान तिच्यासोबत ब-१ देतात.

उणे २, अधिक १८, उणे २ हा क्रम लक्षात राहिला, तर मेदाम्लांचे विघटन अर्धे आधीच येते. तिथेही तेच तीन टप्पे, त्याच क्रमाने: डिहायड्रोजिनेज, हायड्रेटेज, पुन्हा डिहायड्रोजिनेज. पहिल्याला एफएडी आणि तिसऱ्याला एनएडी लागते, हेही तेच. कारण दोन कार्बनांमधल्या साध्या बंधातून काढलेल्या इलेक्ट्रॉनांत एनएडीचे क्षपण करण्याइतका (त्यात इलेक्ट्रॉन घालण्याइतका) जोर नसतो, हायड्रॉक्सिलमधून काढलेल्यांत असतो. सोळा कार्बनांच्या पामिटेटवर ही फेरी ७ वेळा होते आणि दोन कार्बनांचे ८ तुकडे मिळतात. (८ तुकड्यांना ८ फेऱ्या लिहिणे ही ठरलेली चूक, काठीचे आठ तुकडे करायला कापावे सातदाच लागते.)

वस्तुमान सगळे सांगत नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्युमरिक आणि मॅलेइक ही दोन्ही आम्ले ११६चीच. फरक इतकाच की दुहेरी बंधाच्या दोन विरुद्ध अंगांना कार्बोक्झिल असले तर फ्युमरिक, एकाच अंगाला असले तर मॅलेइक. चक्रातले विकर फ्युमरेटलाच ओळखते, मॅलिएटला नाही. मॅलिएट आपल्याला भेटते ते औषधाच्या वेष्टनावर: सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन मॅलिएट, रक्तदाबाचे एनालाप्रिल मॅलिएट. लोहाच्या गोळीवर मात्र फेरस फ्युमरेट असते. तसेच ॲस्परॅजिन आणि ऑक्झॅलोॲसिटिक दोन्ही १३२, ग्लुटामिन आणि अल्फा-कीटोग्लुटारिक दोन्ही १४६. हा निव्वळ योगायोग. अशा जागी रचना काढून पाहण्याला पर्याय नाही.

या आकडेवारीतली सगळ्यात मोलाची जोडी सक्सिनिक आणि मेथिलमॅलोनिक यांची. दोघेही ११८, दोघांतही ४ कार्बन, ६ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. विषम कार्बनांच्या मेदाम्लांतून आणि काही अमिनो आम्लांतून तीन कार्बनांचे प्रोपिओनिल को-एन्झाइम-ए उरते. बायोटिनच्या मदतीने त्याला कार्बन डायऑक्साइड जोडला की मेथिलमॅलोनिल होते, आणि मग त्यातले अणू तेच ठेवून फक्त जागा बदलल्या की सक्सिनिल होऊन ते चक्रात शिरते. जागा बदलण्याचे हे काम जीवनसत्त्व ब-१२ शिवाय होत नाही. ब-१२ कमी असेल तर मेथिलमॅलोनिक आम्ल रक्तात आणि लघवीत वाढते. रक्तातले ब-१२ काठावर असेल तेव्हा डॉक्टर ही तपासणी सांगतात ती याचसाठी. शुद्ध शाकाहारी घरांत हा शब्द अहवालावर दिसण्याची शक्यता अधिक, म्हणून ‘मॅलोनिक’ आणि ‘मॅलिक’ यांतला फरक परीक्षेपुरता नाही. शिवाय मॅलोनिल को-एन्झाइम-ए आपल्या पेशीत रोजच तयार होते. मेदाम्ल बांधण्याची ती पहिली वीट, आणि त्याच वेळी मेदाम्लांना तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, जिथे ती तोडली जातात) जाण्यापासून ती अडवते, म्हणजे एकीकडे बांधकाम चालू असताना दुसरीकडे तोडफोड होत नाही.

आता ही नावे एकमेकांसारखी का, ते पाहू. मॅलिक हे सफरचंदाच्या लॅटिन नावावरून. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेलेने १७८५ साली सफरचंदाच्या रसातून ते वेगळे केले. त्या मॅलिकचे ऑक्सिडीकरण करून जे मिळाले त्याचे नाव मॅलोनिक, आणि मॅलिक तापवून मिळाले ते मॅलेइक. एकाच घरची तीन नावे ठेवल्यावर ती सारखी दिसणारच. आपल्याकडे मॅलिक आम्ल पाहायला सफरचंद लागत नाही. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या झाडांवर फडके फिरवून जी आंब गोळा करतात, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन्ही असतात. ऑक्झॅलिकचे नाव आंबुशीच्या ‘ऑक्झॅलिस’ या वनस्पतिशास्त्रीय नावावरून आले. फ्युमरिकचे नाव फ्युमॅरियावरून; पित्तपापडा म्हणून ज्या वनस्पती विकल्या जातात त्यांत ही एक. ॲकोनिटिकचे नाव बचनागाच्या वंशावरून, पण बचनागातले विष ते हे नव्हे. विष म्हणजे ॲकोनिटिन, एक अल्कलॉइड. ॲकोनिटेट तर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. सक्सिनिक हे अंबर नावाच्या राळेपासून, पायरुविक हे ‘आग’ आणि ‘द्राक्ष’ या दोन शब्दांपासून, कारण ते द्राक्षातले आम्ल तापवून मिळाले. कार्निटिन आणि क्रिएटिन यांच्यात विद्यार्थी हमखास गोंधळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. एकाचे नाव मांसाच्या लॅटिन शब्दावरून आहे, दुसऱ्याचे ग्रीक शब्दावरून.

सारखेपणाचा बाजारही होतो. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. सिट्रेटवर एक जास्तीचा हायड्रॉक्सिल, एवढाच फरक. पेशीद्रव्यात सिट्रेट फोडून मेदासाठी कच्चा माल पुरवणारे विकर या जुळ्या भावाला धरते आणि अडते, मॅलोनेटसारखेच. परीक्षानळीत हे खरे आहे. त्यावरून वजन उतरवण्याच्या कॅप्सुला निघाल्या. पण १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ स्थूल व्यक्तींपैकी काहींना १२ आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आणि काहींना नुसती बिनऔषधाची गोळी दिली, तर दोन गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. सोलकढी चवीसाठी प्यावी.

शाळेच्या पुस्तकात ‘पायरुविक आम्ल’ आणि महाविद्यालयाच्या पुस्तकात ‘पायरुवेट’ असते, आणि मुलांना ते दोन पदार्थ वाटतात. पदार्थ एकच. लॅक्टिक आम्लाचे उदाहरण घ्या: त्याचा पीके (ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडतात तो) ३.८६ आहे आणि रक्ताचा पीएच ७.४, हिशेब केला तर एका अखंड आम्ल-रेणूमागे सुमारे ३५०० रेणू हायड्रोजन आयन सोडून लॅक्टेट झालेले असतात. पेशीत वावरते ते लॅक्टेट, म्हणून तेच नाव. आपल्या तक्त्यात ग्लुकोजच्या विघटनाच्या शेवटी ‘पायरुविक आम्ल’ आणि क्रेब्ज चक्राच्या तोंडाशी ‘पायरुवेट’ आहे. एकाच पानावर तरी एकच रूप ठेवायला हवे होते.

नावांच्या शेपटांकडे लक्ष दिले तर बरेच काम हलके होते. ग्लिसरॉल, ग्लिसराल्डिहाइड, ग्लिसरेट: तिघांना तीनच कार्बन, पण ‘ऑल’ म्हणजे अल्कोहोल, ‘आल्डिहाइड’ म्हणजे एक पायरी वरचे ऑक्सिडीकरण, ‘एट’ म्हणजे आम्लापर्यंत पोचलेले. तिघांच्याही तिसऱ्या कार्बनवर फॉस्फेट लावले की तीन वेगवेगळे पदार्थ होतात आणि तिघांची कामे वेगळी. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट ग्लुकोजच्या विघटनात मधोमध, ३-फॉस्फोग्लिसरेट त्याच्या दोन पायऱ्या पुढे, आणि ग्लिसरॉल-३-फॉस्फेट मात्र त्या वाटेवर नाहीच. ते मेद बांधायला जाते.

आकडे आणि ‘डाय’, ‘बिस’ यांचेही तसेच. एडीपीमध्ये ‘डाय’, कारण दोन फॉस्फेट एकमेकांना जोडलेले. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटमध्ये ‘बिस’, कारण ते दोन वेगळ्या कार्बनांवर, दूर दूर. जुन्या पुस्तकांत तिथेही ‘डायफॉस्फेट’ लिहीत, आणि रक्तपेढीत आजही ‘टू-थ्री डीपीजी’ म्हणतात. तेच हे २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट. तांबड्या पेशीत ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करते. पिशवीत साठवलेल्या रक्तात ते दिवसागणिक घटत जाते. त्याचा भाऊ १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, फरक एका आकड्याचा, पण स्वभाव अगदी वेगळा: त्याचा पहिल्या कार्बनवरचा फॉस्फेट आम्लगटाला जोडलेला असल्याने बंध ऊर्जेने भरलेला, सुटताना मोलमागे सुमारे ४९ किलोज्यूल देणारा. एडीपीपासून एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) बनवायला ३०.५ पुरतात, म्हणून तिथे एटीपी मिळतो. तशीच फ्रुक्टोज-१,६ आणि फ्रुक्टोज-२,६ ही जोडी. पहिले वाटेवरचा पदार्थ. दुसरे वाटेवर नाही, ते बाजूला उभे राहून वाहतूक सोडणारे हवालदार. आपल्या तक्त्यात ‘२,६’ वाटेवरच छापले आहे. तिथे ‘१,६’ करावे.

विकरांच्या नावांत एक सापळा असतो, तो सांगणारा क्वचितच भेटतो. नाव क्रिया सांगते, दिशा सांगत नाही. ‘पायरुवेट कायनेज’ वाचून मुले लिहितात की ते पायरुवेटला फॉस्फेट जोडते. पेशीत उलटे घडते: फॉस्फोइनॉलपायरुवेटचा फॉस्फेट एडीपीकडे जातो आणि पायरुवेट मोकळे होते. कायनेज म्हणजे व्यवहारात एटीपी आहे, इतकेच पक्के. ‘लॅक्टेट डिहायड्रोजिनेज’ धावणाऱ्या स्नायूत लॅक्टेटचा हायड्रोजन काढत नाही, पायरुवेटला देते. याउलट फॉस्फोरिलेजला एटीपी लागतच नाही; ते सुटा फॉस्फेट वापरून ग्लायकोजेनचा बंध तोडते, म्हणून तिथून ग्लुकोज-१-फॉस्फेट फुकटात मिळते आणि एक एटीपी वाचतो. फॉस्फेटेज पाण्याने फॉस्फेट काढून टाकते. कायनेज, फॉस्फोरिलेज, फॉस्फेटेज ही तीन नावे एका ओळीत आली की फॉस्फेट कुठून आला आणि कुठे गेला, हे विचारावे. डिहायड्रोजिनेज आणि डिहायड्रेटेज यांत पहिल्यात हायड्रोजन जातो, दुसऱ्यात पाणी: २ की १८, एवढेच पाहायचे.

युरिया चक्रातले ‘आर्जिनिनोसक्सिनेट’ हे नाव असे वाचले तर फार बोलके आहे. सिट्रुलिन आणि ॲस्पार्टेट जोडले की ते बनते. मग नावात ‘सक्सिनेट’ कुठून आले? ॲस्पार्टेट म्हणजे अमिनो गट लावलेले सक्सिनेटच. लायेज विकर ते तोडते तेव्हा नायट्रोजन आर्जिनिनकडे राहतो आणि उरलेला सांगाडा सक्सिनेट म्हणून नव्हे, फ्युमरेट म्हणून सुटतो. कारण लायेज पाणी न वापरता तोडते आणि जखमेच्या जागी दुहेरी बंध ठेवून जाते. (ऑर्निथिन आणि सिट्रुलिन यांचा सिट्रेटशी संबंध नाही, सिट्रुलिन हे नाव कलिंगडावरून पडले.)

विद्यार्थी नसलेल्या वाचकांनाही ही नावे रक्ताच्या अहवालात भेटतात. यकृताच्या तपासणीतल्या ‘एसजीपीटी’तले जी आणि पी म्हणजे ग्लुटामेट आणि पायरुवेट; ते विकर ॲलनिनचा अमिनो गट काढून अल्फा-कीटोग्लुटारेटला देते, ॲलनिनचे पायरुवेट होते. नव्या अहवालांत त्यालाच ‘एएलटी’ म्हणतात, तपासणी तीच. ‘एसजीओटी’ आणि ‘एएसटी’ हीही तशीच एक. अमिनो आम्ल आणि त्याचे कीटो-आम्ल यांत नेहमी एकाचाच फरक असतो: ॲलनिन ८९ आणि पायरुविक ८८, ॲस्पार्टिक १३३ आणि ऑक्झॅलोॲसिटिक १३२, ग्लुटामिक १४७ आणि अल्फा-कीटोग्लुटारिक १४६. क्रिएटिन १३१ आणि क्रिएटिनिन ११३, म्हणजे पाणी गेले. ते स्नायूत विकराविना, संथपणे आपोआप जाते, म्हणून क्रिएटिनिन वाचताना माणसाचे स्नायू किती हे पाहावे लागते. ‘बीयूएन’ आणि ‘युरिया’ हे दोन आकडे मात्र एक नव्हेत. पहिल्यात युरियातला फक्त नायट्रोजन मोजलेला असतो, ६० पैकी २८. म्हणून बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो: एका प्रयोगशाळेचे १४ आणि दुसरीचे ३० हे एकच मूत्रपिंड सांगत असते. युरिक आम्ल हा वेगळाच पदार्थ, प्युरिनांपासून येणारा. गाऊटमध्ये सांधे दुखतात ते त्याच्यामुळे.

देवनागरीत एक अडचण वाढते. डीएनएमधला बेस आणि जीवनसत्त्व ब-१, दोन्ही आपण ‘थायमिन’ लिहितो. रोमन लिपीत बेसमध्ये y आणि जीवनसत्त्वात ia असते, मराठीत हा फरक उडतो. जीवनसत्त्वाला ‘थायामिन’ आणि बेसला ‘थायमिन’ असे ठरवून घेतले तर भांडण मिटते. तसेच गंधक असलेले अमिनो आम्ल ‘सिस्टेइन’, आणि त्याचे दोन रेणू गंधकाने जोडले की ‘सिस्टीन’. मूतखड्यात सापडते ते दुसरे.

आपल्याला विनंती एवढीच, की दुरुस्ती कोपऱ्यात एका ओळीत न छापता तक्ता पुन्हा छापावा, आणि प्रत्येक नावाखाली कार्बनांची संख्या व आम्लाचे वस्तुमान द्यावे. बाणांवर ‘-२’, ‘+१८’, ‘-४४’ असे लिहावे. जागा पुरत नसेल तर एटीपींची बेरीज गाळावी; तिथे तसेही ३८ छापले आहे, आणि नव्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३० किंवा ३२ असते, कारण एनएडीएच मागे ३ ऐवजी २.५ आणि एफएडीएच-२ मागे २ ऐवजी १.५ धरतात.

दुरुस्त ओळ अशी: सक्सिनेट (४ कार्बन, ११८), फ्युमरेट (४, ११६), मॅलेट (४, १३४), ऑक्झॅलोॲसिटेट (४, १३२). ती जुळवताना ‘मॅलेट’च्या जागी ‘मॅलिएट’ पडणार नाही, एवढे पाहावे.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अध्यापक,
सातारा